चप्पल उंबऱ्याबाहेर

मी पाठ्यपुस्तकातल्या एकेचाळिसाव्या पानावरची कविता बोलतेय. माझ्यापायी एका आईची झोप उडालीय. लेकीच्या वहीत शिक्षिकाबाईंचा शेरा आला: 'मुलगी शब्दांच्या पलीकडे जात नाही.' झालं! पोर जन्मभर अलीकडेच राहिली तर? आणि हा गुण आपल्याकडून तर नाही ना आला?

आधी मला बघा. चारच तर ओळी आहेत.

दार लोटलेलं,
दिवा मालवलेला.
तुझी चप्पल
उंबऱ्याबाहेर.

माझा जन्म एका जिन्यावर झाला. सकाळी बायकोशी कडाकडा भांडून गेलेला एक शिंपी संध्याकाळी धास्तावून परतला, दारापाशी थबकला, स्वतःशीच हसला आणि मापाच्या चिठ्ठीवर मला खरडून आत शिरला. बाळंतपण दोन मिनिटांत आटोपलं.

हाल सुरू झाले पुस्तकात आल्यावर. उत्तरांच्या मार्गदर्शिकेनं दिव्याचा आत्मा केला, दाराचा मोक्ष आणि चपलेचे ऐहिक पाश. शिक्षिकाबाई नऊ वर्षं एकच उत्तर उतरवून देतायत: 'कवीने पत्नीच्या निधनाचे दुःख व्यक्त केले आहे.' मुलं माझ्यावर रडून पाचपैकी पाच गुण घेतात. मला मात्र एकानंही सावकाश वाचलेलं नाही.

उद्या तोंडी परीक्षा. आईनं भाजीची ताटली सारून मला टेबलावर उघडलं.

"सांग बरं, इथे मृत्यू कुठे दिसतो?"

लेकीनं बोट फिरवलं. "कुठल्या ओळीत?"

"ओळीत नसतो गं. दोन ओळींच्या मधे असतो."

"मधे तर कोरं आहे."

आईनं कपाळाला हात लावला. "अगं बाई माझे, दिवा विझला, चप्पल मागे राहिली. म्हणजे माणूस गेलं!"

"तुला खरंच असं वाटतं?"

आई गडबडली. शाळेत मला वाचताना तिलाही असं काही वाटलं नव्हतं, पण बाकीच्यांना वाटतंय म्हणून तिनं लिहून टाकलं होतं. "मला काय वाटतं ते राहू दे. बाई काय विचारतील ते बघ."

अहो आईसाहेब, माझ्या पलीकडे जाऊच नका. मी आहे तिथे एकदा या, एवढंच मागणं.

लेक खुर्चीवरून उतरली, दारापर्यंत गेली, बाहेर काढलेल्या आईच्या चपलांकडे पाहून परत आली.

"आई, चप्पल बाहेर आहे म्हणजे माणूस घरातच आहे ना! दार ढकलायचं सोडून सगळे रडतायत कशाला?"