मला तळापर्यंत दाबून पाहिलंच नाही

मित्रांनो, मी भित्रा आहे हे आधीच कबूल करतो. मी डोंगरात चालवायच्या सायकलचा एक जुना शॉक आहे, मागच्या चाकाचा. सीटच्या खाली, सांगाड्याच्या मधोमध मी बसतो. माझ्या नळीत हवा कोंडलेली असते. मागचं चाक दगडावर आपटलं की माझी चकचकीत दांडी नळीत शिरते, हवा तिला परत बाहेर ढकलते आणि चालवणाऱ्याच्या कमरेला बसायचा दणका मी गिळतो. काम धिटाईचं, पण काळीज सशाचं.

कारखान्यात एका बाईने दिव्यासमोर माझी दांडी फिरवून पाहिली, एकही ओरखडा नाही म्हणाली आणि मला खोक्यात घातलं. माझा पहिला मालक सुतार होता, चांगला आडदांड. दर फेरीनंतर तो मऊ फडक्याने माझी दांडी पुसायचा, कारण धुळीचा कण आत गेला तरी हवा अडवणारं माझं रबर कापलं जातं. "लोण्यासारखा चालतो गडी," असं तो दोस्तांना सांगायचा, तेव्हा मला कोण आनंद व्हायचा! पुढे त्याचे गुडघे कुरकुरायला लागले. त्याने मला सायकल दुरुस्तीच्या एका दुकानात देऊन टाकलं. तिथल्या पत्र्याच्या डब्यात मी चार वर्षं धूळ खात पडलो. रोज वाटायचं, आज भंगारवाला येणार.

दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळेच मावशी म्हणायचे, कारण त्यांची भाची दिवसभर तिथे "मावशी, मावशी" करत असायची. भाची उतारावरच्या शर्यतीत उतरायची. वर्षभर घाम गाळून तिने मोठ्या शर्यतीत जागा मिळवली, आणि दोनच दिवस उरले असताना तिच्या सायकलच्या शॉकने मान टाकली. मावशींनी डबा फरशीवर पालथा केला. हाती तिघे लागलो. एक लांबीला जास्त, तो बसेचना. दुसऱ्याच्या दांडीवर ओरखडा, म्हणजे हवा धरणार नाही. तिसरा मी. मावशींनी माझ्या एका टोकाच्या भोकापासून दुसऱ्या टोकाच्या भोकापर्यंत पट्टी लावली.

"बघ, तंतोतंत! तुझ्यासाठीच राखून ठेवल्यासारखा."

तिथेच मला धोका दिसला. नुसती लांबी जुळून भागत नाही, दांडी किती आत जाते तेही जुळावं लागतं. माझी दांडी बिघडलेल्या शॉकपेक्षा करंगळीच्या जाडीएवढी जास्त आत जाते. चाकापाशी तोच फरक दुपटीहून मोठा होतो. मी पूर्ण दबलो की टायर सांगाड्याच्या सीटखालच्या नळीला भिडणार, चाक जागीच अडकणार आणि भरधाव उतारावर पोर हँडलवरून पुढे फेकली जाणार.

मावशींचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या सायकलला शॉक बसवला की त्या त्यातली सगळी हवा सोडायच्या, सीटवर अंगाचा भार टाकून तो तळापर्यंत दाबायच्या आणि टायर कुठे घासत नाही ना ते वाकून बघायच्या. त्याशिवाय सायकल दुकानाबाहेर जात नसे. पण ही पडली घरची सायकल, आणि दारात दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली. "आपलंच तर आहे, चालतंय," म्हणत त्यांनी पंप लावला आणि भाचीला सीटवर बसवलं. तिच्या वजनाने मी पाव भाग दबलो, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो, पण तोंड कुठे होतं?

शर्यतीच्या सकाळी सरावात एक छोटी उडी झाली आणि मागे खर्रकन आवाज आला. टायर सीटखालच्या नळीला चाटून गेलं होतं. खरी उडी पुढे होती, पुरुषभर उंचीची. माथ्यावर रांगेत उभी असताना भाची वळूनवळून मागच्या टायरकडे बघत होती. माझाही जीव तिथेच अडकला होता. मावशी शेजारी उभ्या होत्या.

"मावशी, मला भीती वाटतेय."

"अगं, सगळ्यांनाच वाटते. शॉक मी स्वतः बसवलाय ना?"

"मघाशी खर्र झालं. तू हवा सोडून, दाबून बघितलं होतंस ना?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मागून कोणीतरी ओरडलं, "आटपा की लवकर!" 'हो' हा शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आला होता. तो बाहेर पडला असता तर पोरगी निघाली असती, कारण मावशीचा शब्द तिने कधी पडू दिला नव्हता.

"नाही गं," मावशी म्हणाल्या. "नाही बघितलं."

त्यांनी तिथेच माझी हवा सोडली आणि सीटवर भार टाकला. टायर नळीला जाऊन भिडलं. मावशींनी एका हाताने चाक फिरवून पाहिलं. ते तसूभर हललं नाही. भाचीचा नंबर पुकारला गेला, मग पुढच्याचा. मावशी तिथेच मातीत बसल्या.

"परक्यांच्या पोरांसाठी वाकून बघितलं मी, आणि तुझ्यासाठी..." हेल्मेट काढून भाची त्यांच्या शेजारी बसली आणि दोघी रडल्या.

मित्रांनो, आमची दांडी पुसत जा, हवा मोजत जा, आणि घरच्या माणसाचं काम घरचं म्हणून उरकू नका. आम्हा यंत्रांना भीती बोलून दाखवता येत नाही. तुम्हाला येते. मागे कितीही रांग असली तरी ती बोला. आणि दुसऱ्या कोणी ती तुमच्यापाशी बोलली, तर 'हो, बघितलंय' म्हणण्याआधी खरंच बघितलंय का, ते एकदा आठवा.