लवंग लावलेला लाडू

आमचे अप्पा रेडीच्या कस्टम नाक्यावर होते आणि त्यांना साखरेचं वेड होतं. खाण्याचं नव्हे, चहासुद्धा ते बिनसाखरेचा प्यायचे. कशात साखर आहे, कशात गूळ आहे आणि कशात नुसताच रंग आहे, हे ओळखण्याचं वेड. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. तेरेखोलचा डोंगर त्यांचा, पायथ्याची रेडी आपली, मधे एक आडवा बांबू आणि बांबूशेजारी झावळांची खोपी, एवढाच आमचा नाका. बांबूच्या पलीकडून आलेला माल परदेशी. खाडीपलीकडच्या केरीतल्या आमच्या सोयऱ्यांच्या माडाचा गूळही परदेशी. तोच माड खाडीच्या अलीकडे वाकला असता तर स्वदेशी झाला असता, असं मी एकदा अप्पांना म्हटलं होतं, तर ते हसले नाहीत, विचार करू लागले.

माल कोणत्या सदरात बसतो यावर जकात ठरायची. साखर एका सदरात, गूळ दुसऱ्यात, पाक आणि सरबतं तिसऱ्यात, मिठाईचं आणखी निराळं, औषधाचं त्याहून निराळं. दराचं पुस्तक अप्पांना पाठ होतं. त्यांचा नियम एकच होता, वर काय लिहिलंय ते बघायचं नाही, पोटात काय आहे ते बघायचं. हे ते जेवतानाही ऐकवायचे. आमची आई, माई, म्हणायची, या माणसाला स्वर्गाच्या दारात नेला तर हा आधी अमृत कुठल्या सदरात बसतं ते विचारील.

चोपन्न साली, शिमगा नुकताच आटोपला होता, तेव्हाची ही गोष्ट. माझा भाऊ, त्याला आम्ही भाईच म्हणायचो, त्याची बायको सुभद्रा केरीची. वहिनीला सातवा महिना होता. त्यांच्याकडे सातव्या महिन्यात आईनं ओझं घेऊन यायची रीत आहे. ओझं म्हणजे टोपल्या भरून गोडधोड: लाडू, नेवऱ्या, दोदोल, खाजं. ते सासरच्या तुळशीपुढे ठेवायचं, मग वाडीतल्या घराघरांत वाटायचं, आणि चार दिवस राहून लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायचं. वहिनीनं तिची पेटी केव्हाच भरून ठेवली होती. हद्द बंद होणार अशी कुजबुज गावात सुरू झाली होती, त्यामुळे ती रोज दारापुढच्या खळ्यात उभी राहून डोंगराकडे बघायची. आपलं पहिलं मूल आईच्या हातात व्हावं, एवढंच त्या पोरीला हवं होतं. फार मोठं मागणं नव्हतं ते.

विहीणबाई येणार त्या दिवशी मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन नाक्यावर गेले. मी मॅट्रिक होऊन घरीच बसले होते, आणि घरातली सवाष्ण म्हणून माई यायची तर तिचे गुडघे धरलेले. नाक्यावर माझ्याआधी कट्टा गावचा दाजी दुकानदार येऊन अप्पांशी हुज्जत घालत होता. त्यानं पणजीहून लाल सरबताच्या बाटल्या आणल्या होत्या, वर टोपीवाल्या बाईचं चित्र. दाजीचं म्हणणं की हे खोकल्याचं औषध, आणि औषधावर जकात कमी. अप्पांनी एक बूच काढलं, करंगळी बुडवून जिभेला लावली आणि डोळे मिटले. मग म्हणाले, यात औषध असलंच तर ते तुझ्या बोलण्यात आहे, बाटलीत साखरेचा पाक आहे. लोक हसले. दाजीला पाकाची जकात भरावी लागली. पैसे भरूनही तो गेला नाही. बाटल्यांवर हात ठेवून बाकावर बसून राहिला, कारण डोंगराच्या वाटेनं आमच्या टोपल्या उतरताना त्याला दिसल्या होत्या.

नर्मदाबाई, वहिनीची आई, पुढे होती. मागे टोपल्या घेतलेल्या दोन बायका. नवी नऊवारी, नाकात नथ, चालून चालून तोंड लाल झालेलं, तरी हसत होती. नाक्यावर आपलेच व्याही बसलेत म्हटल्यावर तिला कसली काळजी? मी कुंकू लावायला पुढे झाले, तेवढ्यात दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माजो तो साखरेचो पाक. आता घरचो माल खंयच्या सदरात बसता ता बघूया."

मला वाटलं अप्पा त्याला हाकलतील. त्यांनी मला तबक बाजूला ठेवायला सांगितलं.

आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं. शिपाई सत्यवान म्हणत होता की ओझं आहे, घरी खायचं आहे, सोडून द्यावं. अप्पा म्हणाले, वाडीभर वाटायचं आहे म्हणजे घरी खायचं नव्हे. ते प्रमाण मराठीत बोलू लागले होते. साहेब आले की ते जसं बोलायचे, तसं स्वतःच्या विहिणीशी. टोपल्या उघडल्या. दोदोल एका सदरात गेला, नेवऱ्या दुसऱ्या. मग त्यांनी विचारलं, सोनं, नाणं, काही आहे का? नर्मदाबाईनं मान हलवली आणि म्हणाली, काय नाय.

लाडवांपाशी गाडं अडलं. बेसनाचे लाडू, चांगले खरपूस भाजलेले, त्यामुळे साखर आहे की गूळ हे रंगावरून कळेना. नमुना फोडून बघायला हवा होता. लाडवांच्या राशीत मधोमध एक जरासा मोठा होता, वर लवंग खोचलेली. नर्मदाबाई चटकन म्हणाली, तो नको, दुसरा कुठलाही घ्या. अप्पांचा हात दुसऱ्याकडे वळलाही होता. तेवढ्यात दाजी खाकरला. फक्त खाकरला. अप्पांनी लवंगवालाच उचलला आणि दोन्ही अंगठे घालून फोडला.

आतून सोन्याची पुतळी निघाली, तराजूच्या पारड्यावर आपटली आणि खाली घरंगळली.

टोपलीवाल्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. नर्मदाबाईच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती, तिच्यात एक जागा रिकामी होती, ती मला तेव्हा दिसली. सत्यवान शांतपणे एक पाऊल पुढे झाला आणि त्यानं त्या पुतळीवर पाय ठेवला. समोरच्या झाडाकडे बघत उभा राहिला. दाजीनंही, त्या दाजीनंसुद्धा, मान फिरवली. माझ्या बापाला सुटकेचा रस्ता सगळ्यांनी मिळून मोकळा करून दिला होता.

अप्पा म्हणाले, "सत्यवान, पाय काढ."

नर्मदाबाई तेव्हा बोलली. "व्याह्यानू, ता गुप्तदान. येणाऱ्या पोराक. ता तोंडान सांगूचा नसता."

"सोनं आहे का, असं मी विचारलं," अप्पा म्हणाले. "आपण नाही म्हणालात."

काय सांगणार होती ती? गुप्तदान बोलून दाखवलं की ते दान उरत नाही, हे अप्पांना ठाऊक नव्हतं थोडंच? आमच्याच घरात संक्रांतीला तिळाच्या लाडवात माई चवली घालायची, आणि अप्पा भटजींच्या ओंजळीत तो लाडू ठेवताना तोंडातून ब्र काढायचे नाहीत. नर्मदाबाईनं ती पुतळी गळ्यातच ठेवून आणली असती, तर बाईमाणसाचा दागिना म्हणून कोणी बघितलंही नसतं. लाडवात ठेवली म्हणून ती चोरटं सोनं झाली. वर काय आहे ते बघायचं नाही, पोटात काय आहे ते बघायचं.

पण एवढ्यावर भागलं नाही. एकात निघालं म्हणजे बाकीचे तपासणं आलं. त्यांनी सगळे लाडू फोडले. सगळ्या नेवऱ्या मोडल्या. दोदोलात सळई घातली. सत्यवान रडत रडत मोडत होता आणि अप्पा एकेक तुकडा बोटांनी कुस्करून पाहत होते. बाकी कशातही काही निघालं नाही. पुतळी जप्त झाली, दंड झाला, नाव गुन्ह्यांच्या वहीत चढलं. शेवटी बेसनाचा आणि खोबऱ्याचा एक ढीग राहिला. अप्पांनी तो टोपलीत भरून दिला आणि म्हणाले, आता आपण पुढे जाऊ शकता. नर्मदाबाईनं टोपलीकडे पाहिलं. सातव्या महिन्यातल्या लेकीच्या दारात चुरा घेऊन कोण जातं? ती वळली आणि आली त्या वाटेनं डोंगर चढू लागली. मी तबक घेऊन तिच्यामागे धावले, बांबूपाशी थांबले. पलीकडे जायचा कागद माझ्याकडे नव्हता.

घरी मी सांगितलं तेव्हा वहिनी खळ्यातच बसली. रडली नाही. भाई बापावर पहिल्यांदा ओरडला. वहिनीला आपण केरीला पोचवू असं तो म्हणत होता, पण आता त्या घराचं नाव चढलेलं, परवानगी मिळेना. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या माजघरात रुक्मिणी जन्मली. सुईण मालवणची, हात धरायला माई. कळा येत असताना वहिनी आईला हाक मारत होती आणि अप्पा बाहेर बाकावर बसून ऐकत होते. त्याच वर्षी तेरेखोलवर सत्याग्रह झाला, पुढच्या वर्षी हद्द साफ बंद झाली. खाडीच्या या तीराला उभं राहिलं की केरीच्या घरांतला चुलीचा धूर दिसायचा. वहिनी मुलीला कडेवर घेऊन तो धूर दाखवायची आणि सांगायची, ती बघ तुझी आजी.

अप्पांना कोणी बोललं नाही. वहिनी त्यांचं ताट वेळेवर मांडायची, पाणी ठेवायची, पण त्यांच्याशी शब्द नाही. खरं सांगायचं तर मला ते पुरेसं वाटत नव्हतं. ताट तरी कशाला, असं वाटायचं.

गोवा मोकळा झाला. नाक्याचा बांबू कोणीतरी चुलीत घातला. अप्पा निवृत्त झाले होते, दिवसभर खळ्यातल्या बाकावर बसायचे. बासष्ट सालच्या आंब्याच्या दिवसांत माहेरपणाला मी रेडीला आले होते, तेव्हा एका सकाळी नर्मदाबाई आमच्या खळ्यात येऊन उभी राहिली. एकटी. केस पांढरे झालेले, डोक्यावर टोपली. वहिनी धावत येऊन तिला मिठी मारायला गेली, तर तिनं हातानं थांबवलं. टोपली तुळशीपुढे ठेवली नाही. ती अप्पांच्या पायाशी ठेवली.

मग ती खाली बसली आणि टोपलीतला एकेक लाडू काढून फोडू लागली. फोडायचा, दोन्ही तुकडे अप्पांसमोर उताणे धरायचे, खाली ठेवायचे. पुढचा. भाई दारात थिजला. वहिनीनं तोंडात पदर कोंबला. अप्पा उठून जाऊ शकले असते, पण गेले नाहीत, प्रत्येक लाडवाकडे पाहत राहिले.

शेवटी एक उरला. वर लवंग. तो तिनं फोडला नाही, तळहातावर धरला.

"व्याह्यानू, सोना आसा काय म्हणान तुमी इचारूक नाय."

अप्पा कसंबसं म्हणाले, आता मी कोण विचारणारा.

"इचारा."

अप्पांनी वहिनीकडे पाहिलं, मग त्या लाडवाकडे. "सोना आसा?" ते म्हणाले. घरच्या भाषेत विचारलं.

"नाय," नर्मदाबाई म्हणाली.

तिच्या गळ्यातल्या माळेत आता दोन जागा रिकाम्या होत्या. त्या मला दिसत होत्या म्हणजे अप्पांनाही दिसत असणार, तपासणीत त्यांची नजर कधी चुकली नव्हती. त्यांनी मान खाली घातली. नर्मदाबाईनं रुक्मिणीला जवळ बोलावलं, पहिल्यांदाच, आणि लाडू तिच्या ओंजळीत दिला. पोरीनं मोठा घास घेतला. खळ्यात सगळ्यांना ऐकू आलं, दाताखाली काहीतरी टक्‌ वाजलं.

"आजये, ह्येच्यात कायतरी..."

"गप खा गो," अप्पा म्हणाले. "ता तोंडान सांगूचा नसता."