मुठीतलं ढेकूळ

आमची स्वप्ना बेसबॉल खेळती. ती चेंडू फेकती, समोरची पोरगी दांडक्यानं हाणायला बघती. फेकती लई जोरात, पण दर वक्ताला त्याच जोरात. गेवराईच्या खेळाच्या सरांनी तिला सांगितलं, "सगळ्या पोरींना तुझा चेंडू पाठ झालाय. रविवारी काही वेगळा टाकला नाहीस, तर जिल्ह्याच्या संघात तुझं नाव नाही."

पोरगी तोंड पाडून माझ्यासंगं शेळ्यांमागं आली. म्हणलं, "कावून रुसलीस गं?"

"तुला काय कळतंय त्यातलं, आये?"

माझं टाळकंच सरकलं. जलमभर शेळ्या राखल्या, अन् मला फेकायचं कळत न्हाई म्हणती!

तेवढ्यात आमची चांदी मोहनरावांच्या कापसात घुसली. लई वांड शेळी. आपला हात फिरला की उडी मारून बाजूला होती, दगड पडला की परत कापसात. मी भुसभुशीत ढेकूळ उचललं. असलं ढेकूळ बोटांत दाबलं की फुटतं, म्हणून सगळ्या मुठीत धरायचं. मुठीतनं ते दमानं जातं. हात मात्र दगड फेकल्यावानीच जोरात फिरवायचा. चांदीनं उडी मारली, ढेकूळ अजून वाटंतच. तिनं परत तोंड खाली घातलं, तवा ते नाकापुढं फुटलं. पळाली की बोंबलत!

स्वप्ना ताडकन उठली. "आये, परत टाक!"

चार दिवसांत बांधावरची ढेकळं संपली. तिनं हात जरा हळू फिरवला की मी वरडायची, "ढिला कावून सोडतीस? चांदी हाताकडंच बघती!" खांदा दुखला की शिव्या देत देत तेल चोळायची. लेकरू माझं.

रविवारी सामन्याला मी बी गेलते. दांडकंवाल्या पोरीच्या मागं, जाळीजवळ बसले. शेजारी रतनबाई, तिची पोरगी बी स्वप्नाच्याच संघात. रतनबाई म्हणली, "चतुराबाई, ही दांडकंवाली आता एकदा हुकली की आपण जितलो."

स्वप्नानं हात असा फिरवला की मी "आगं बया!" करून सरळ रतनबाईच्या मांडीवर पडले. मान वर केली, तर त्या पोरीचं दांडकं कवाच फिरून गेलेलं. चेंडू आता कुठं येत होता.

सरांनी तिथंच नाव लिहिलं. स्वप्ना पळत आली, हसून हसून बेजार. "आये, तू बी फसलीस? चांदीवानी उडी मारलीस की गं!"

"गप, भवाने," म्हणलं, अन् तिला पोटाशी धरून मी ढसाढसा रडले. फसल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.