बहिऱ्या कानातली शीळ

माझी आई समुद्रात बुड्या मारायची, त्यामुळे कान फुटणं म्हणजे काय ते मला डॉक्टर होण्याआधीच माहीत होतं. कोरियातल्या जेजू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या गावात बायका दम कोंडून तळाशी जातात आणि शंख, शेवाळ घेऊन वर येतात. वर आल्यावर कोंडलेला दम सोडताना तोंडातून शीळ निघते. प्रत्येकीची शीळ वेगळी. जोडीदारणीनं ती ऐकायची, म्हणजे कळतं की ही वर आली. माझ्या दवाखान्यात त्यांचीच रांग असते. कुणाचा कान वाहतोय, कुणाच्या गालामागे पू साठलाय, कुणाचे गुडघे आखडलेत.

दॉकसिल सामचुन मार्चमध्ये आली. कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला आम्ही सामचुनच म्हणतो. तिचं वय त्र्याहत्तर.

"गुडघे कसे आहेत?" मी विचारलं.

"पाण्यात उतरले की सोळा वर्षांचे. बाहेर आले की माझ्या सासूचे. त्यांचं राहू दे, तू कान बघ."

मी आधी नाक पाहिलं. डाव्या गालावर बोट दाबताच तिनं डोळे मिटले. हाडामागची पोकळी भरली होती. कोमट मिठाच्या पाण्यानं ती धुतली, तेव्हा घट्ट शेंबडाबरोबर चिमूटभर काळी वाळू बशीत पडली.

"पाण्यात कधी उतरला होतात?"

"बारा दिवस झाले. सर्दी झाली म्हणून आम्हा बुडीवाल्यांची मुकादमीण उतरू देत नाही. तिच्या बापाचा समुद्र आहे ना."

बशीला हात लावला तर ती गार होती. मी पाणी कोमट घातलं होतं. बाहेर आलेलं पाणी बर्फासारखं होतं.

डाव्या कानाच्या पडद्याला तीसेक वर्षांचं जुनं भोक होतं, आणि आतली नसही मेलेली होती. तरी नियमाप्रमाणे ऐकण्याची तपासणी केली. तिच्या कानांवर यंत्र चढवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की ते दाबायचं. उजव्या कानानं बरी साथ दिली. डाव्या कानात मी यंत्रातला सगळ्यात मोठा आवाज सोडला, तरी बटण दाबलं गेलं नाही. मी यंत्र थांबवलं आणि कागदावर लिहू लागले.

तेवढ्यात यंत्रावरचा दिवा लागला. तिनं बटण दाबलं होतं.

मला वाटलं, चुकून दाबलं गेलं असेल. थोड्या वेळानं दिवा पुन्हा लागला. मग मी घड्याळ लावून बसले. एक मिनिट चाळीस सेकंद. पुन्हा एक मिनिट चाळीस सेकंद.

मी तिच्या कानांवरचं यंत्र काढलं. "सामचुन, काय ऐकू येतंय?"

"चुनबोक," ती म्हणाली, जणू शेजारीण दारात आली आहे असं.

चुनबोक तिची नणंद आणि बुडीतली जोडीदारीण. एकतीस वर्षांपूर्वी नोव्हेंबरात दोघी उतरल्या त्या सकाळी दॉकसिलचा डावा कान फुटला. कानात रक्त भरलं आणि तिला त्या बाजूचं काहीच ऐकू येईना. चुनबोकची शीळ थांबली, ते तिला कळलं नाही. संध्याकाळी चुनबोकचा, बुडी मारताना पाण्यावर सोडायचा तरंगा तेवढा सापडला. ती सापडली नाही.

"सकाळी एका शंखावरून भांडलो होतो," सामचुन म्हणाली. "वाटलं, रुसली असेल, म्हणून गप्प आहे."

माझ्याकडे एक रबरी नळी आहे. एक टोक रोग्याच्या कानात, दुसरं माझ्या. पडद्याला भोक असलं की श्वासाची हवा त्यातून जाताना शीळ घालते. हे तसंच असणार, याची मला खात्री होती. मी नळी लावली. बराच वेळ काही नव्हतं. मग दुरून, पाण्यावरून यावी तशी, लांब बारीक शीळ आली.

"श्वास रोखून धरा," मी म्हणाले. "नाक दाबा."

श्वास रोखायला तिला काय शिकवायचं. ती दगडासारखी बसली. छाती हलत नव्हती, नाडी मंद होत गेली. दोन मिनिटं झाली. शीळ आली. तिनं तोंडानं एकदाच दम बदलला आणि पुन्हा रोखला. अडीच मिनिटांनी आणखी एक आली, मागच्याहून पुसट.

तिनं दम सोडला. "ऐकलंस?"

"नाही," मी म्हणाले. "नसेचा आवाज आहे, सामचुन. वय झालं की होतो."

खरं सांगितलं असतं तर ती त्याच दुपारी फुटक्या कानानिशी पाण्यात उतरली असती. मी तिला शहरातल्या इस्पितळात पाठवलं. भोक बुजवलं तर ऐकू येणार नव्हतं, पण कान वाहायचा थांबणार होता. चिठ्ठीत मी तेवढंच लिहिलं. ते भोक बंद व्हावं असं मला स्वतःलाच वाटत होतं, हे लिहिलं नाही.

जूनमध्ये ती परत आली. बसवलेला पडदा छान धरला होता, कान कोरडा होता. मी तसं सांगितलं. ती खुर्चीतून उठेना.

"ती येईनाशी झाली," ती म्हणाली. "पुन्हा भोक पाड."

"असं करता येत नाही."

"तू म्हणालीस, नसेचा आवाज. मला एवढंच सांग. भोक बुजवलं ते पडद्याचं. नसेचा आवाज त्यानं कसा थांबला?"

मी खाली मान घालून म्हणाले, "मी ऐकली होती. तीनदा."

ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही उतरला असतात."

"उतरलेच असते." मग, "किती अंतरानं येत होती?"

"आधी एक मिनिट चाळीस. मग दोन मिनिटं. शेवटची अडीचला."

"अंतर वाढतंय, म्हणजे ती अजून खालीच जातेय," सामचुन म्हणाली. "बोलावल्याशिवाय यायची नाही ती. आधीपासून हट्टी. आणि मी बोलावलंच नाही कधी, नुसती ऐकत बसले."

चौथ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी खडकांवर गावच्या भगतिणीनं पूजा मांडली. पांढऱ्या कागदात बांधलेले तांदूळ समुद्रात सोडले. बुड्या मारणाऱ्या अकरा जणी आल्या होत्या, मीही होते. भगतीण थांबली तेव्हा दॉकसिल सामचुन काठी टेकत पाण्याच्या कडेला गेली.

"चुनबोक," ती हाक मारून म्हणाली, "पुरे झालं आता. घरी चल."

सगळ्या कान देऊन उभ्या राहिल्या. मला राहवेना, मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते. अडीच मिनिटं गेली. तीन गेली. वारा पडलेला होता.

मग त्या अकराही जणींनी एकदम मान वळवली, डावीकडच्या काळ्या खडकांकडे. मीही वळवली. पाण्यावर काही नव्हतं. सामचुन तेवढी समोरच बघत उभी होती. तिच्या त्या बाजूच्या कानाला काही कळलं नव्हतं.

मुकादमीण पुढे गेली आणि तिनं सामचुनची बाही धरली.

"सामचुन, वर आली ती."

"खरं?"

"आम्ही सगळ्यांनी ऐकली."

सामचुननं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी मी होकाराची मान हलवली. ती तिथेच ओल्या खडकावर बसली आणि म्हणाली, "कशी होती, मला सांगा." आणि एकेक जण तिच्या उजव्या बाजूला बसून, आपल्या तोंडानं, तिला ती शीळ घालून दाखवू लागली.