चंपतरावांची अर्धी मिशी

मित्रांनो, नागपूरच्या एका दवाखान्यात, जाडजूड भिंतींच्या खोलीत उभं असलेलं मी एक जुनं कोबाल्ट यंत्र आहे. जन्म परदेशातला, पण नागपूरचे तेरा उन्हाळे काढल्यावर आता मला इथलंच समजा. माझ्या पोटातल्या कोबाल्टच्या तुकड्यातून न दिसणारे किरण निघतात आणि ते कॅन्सरची गाठ जाळतात. लोक त्याला शेक म्हणतात.

१९७४ साली इतवारीतले भांड्यांचे व्यापारी चंपतराव माझ्याकडे आले. वय बहात्तर. उजव्या गालात सदा तंबाखू, तिथेच गाठ. या वयात तीस शेक सोसतील का, अशी डॉक्टरांना शंका होती. मुलगा म्हणाला, मग घरीच नेतो. चंपतरावांच्या पत्नी रुखमाबाई मात्र बाकावर बसल्या आणि शेक सुरू झाल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या.

शेक सुरू झाला. वयाने काही अडलं नाही. अडलं ते बोलण्याने. मला चालवणाऱ्या शोभाताई त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून बाहेर जात. दार लागलं की चंपतराव मला विचारत, तुझं गाव कोणतं, तुझ्यात पितळ किती. जबडा हलला की शोभाताई काचेतून पाहून मला थांबवत. पहिल्या दिवशी तीन मिनिटांच्या कामाला अर्धा तास गेला. शेवटी शोभाताईंनी त्यांना मनातल्या मनात पावकी-निमकीचे पाढे म्हणायला सांगितलं. ते जमलं.

तिसऱ्या आठवड्यात तोंड सोललं. पाणीही झोंबे. तेही त्यांनी सोसलं. पण एका सकाळी शेकाने केस झडून मिशीची उजवी बाजू उशीवरच राहिली. डावी तशीच ताठ. चंपतराव तोंडाला उपरणं गुंडाळून आले आणि शेक बंद म्हणाले. अर्ध्या मिशीने दुकानात बसण्यापेक्षा मेलेलं बरं, हे त्यांचं मत. मध्येच सोडलं तर गाठ पुन्हा वाढेल, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. चंपतराव ऐकेनात.

रुखमाबाईंनी शोभाताईंकडून कात्री मागून घेतली.

"मिशीले घेऊन काय करू मी? मले तुम्ही पाह्यजे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बसा खाली. दुसरी बी काढतो."

उभ्या संसारात त्यांनी असा हुकूम कधी दिला नसावा. चंपतराव बसले.

तीस शेक पुरे झाले. गाठ गेली. लाळ मात्र आटली. घासागणिक पाणी लागे, आणि तिखट सुटलं ते सुटलंच.

चार वर्षांनी ते शेजारच्या अंजनाबाईंना शेकासाठी घेऊन आले. सत्तरीच्या अंजनाबाई माझ्या दाराची चौकट धरून उभ्या, आत यायला तयार नाहीत.

"भिऊ नको वं," चंपतराव म्हणाले. "आत जरासं एकटं राहा लागते, इतकंच. मी हाओ ना बाहेर."

अंजनाबाईंनी चौकट सोडली.

मित्रांनो, आता माझा कोबाल्ट थकला आहे. तीन मिनिटांच्या कामाला सात मिनिटं लागतात. नव्या तुकड्याची मी वाट पाहत आहे. तुमच्या आजोबांच्या तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर त्यांना दवाखान्यात न्या. 'आता वय झालं' असं त्यांच्या वतीने परस्पर ठरवू नका. आधी त्यांना विचारा. उत्तर लांबलचक येईल, पण पुरतं ऐकून घ्या.