गाळलेलं पाणी

तळं फक्त मजेसाठी होतं. त्याच्या पाण्यावर ना शेत पिकत होतं ना दिवा पेटत होता. सुट्टीच्या दिवशी माणसं यायची, होडीत बसायची, घाबरून किंचाळायची आणि किंचाळायला मिळालं म्हणून खूश होऊन घरी जायची. हे सगळं पाणी मातीचा एक बुटका बांध पाठीवर घेऊन उभा होता. त्याच्या खालच्या अंगाला पासष्ट घरं होती.

बांधाची राखण करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे बाटलीमास्तर म्हणत. नवखा माणूस हे नाव ऐकून हळूच वास घ्यायला जवळ सरके, पण मास्तरांनी जन्मात चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. त्यांच्या बाटल्या वेगळ्या. बांधातून पाझरणारं पाणी पायथ्याच्या एका नळीतून बाहेर पडे. रोज सकाळी त्याची एक बाटली भरायची, तारखेची चिठ्ठी डकवायची आणि शनिवारी सातही बाटल्या कचेरीच्या गाडीत चढवायच्या. पाणी नितळ असलं की बांध ठणठणीत. गढूळ झालं की समजायचं, पाणी जाता जाता आतली माती खातंय.

एवढी एक बाटली सोडली तर मास्तरांचं बाकी सगळं थापांवर चाले. त्यांच्या तळ्यात एक मासा होता. त्याला कूस बदलायची झाली तर आधी सगळ्या होड्या काठाला लावाव्या लागत. एका उन्हाळ्यात बांधाला ताप आला, तेव्हा मास्तरांनी म्हणे त्याच्या कपाळावर ओल्या चादरी ठेवल्या, त्याही सतरा. होड्या चालवणारा नावाडी त्यांचा सख्खा मेहुणा. तो गिऱ्हाइकांना या गोष्टी सांगून होडीच्या चार फेऱ्या जास्त मारी. मास्तरांची बायको मात्र सगळं ऐकून फक्त "हो का?" म्हणे. त्या "हो का?"मध्ये विश्वास किती आणि थट्टा किती, हे चाळीस वर्षांत मास्तरांना उमगलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी मास्तरांचे गुडघे बसले. पायथ्याला जायला अडुसष्ट पायऱ्या. मग बायकोच कळशी घेऊन उतरू लागली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "अहो, कचेरीत या पाण्याचं करतात तरी काय?"

मास्तरांच्या जिभेला खाज सुटली. "साहेब पितात."

"हे पाणी?"

"अनशापोटी. रोज एक बाटली. त्यांच्या पोटाला दुसरं काही लागूच पडत नाही."

"हो का?" म्हणाली आणि कळशी उचलून चालू पडली. मास्तर इतके हसले की चहा नाकातून आला. खरं काय ते संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. संध्याकाळी मेहुणा गप्पा मारायला आला, आणि ते राहिलं. राहिलं ते राहिलंच.

पुढे दीड वर्ष खिडकीत बाटल्या अशा चमकत की मास्तरांनी त्यांत आपली मिशी पाहून घ्यावी. आणि मग एका आठवड्यात, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, बायको गेली.

पाचव्या दिवशी मास्तर स्वतः पायऱ्या उतरले. उतरले कसले, लहान मुलासारखे बसत बसत घसरले. बाटली भरून आणली आणि खिडकीत ठेवली. दुपारी पाहिलं तर तळाशी बोटभर गाळ.

"ती गेली आणि बांध रडायला लागला रे," ते मेहुण्याला म्हणाले. ही त्यांची थाप नव्हती, त्यांना खरोखरच तसं वाटलं. मेहुण्याचेही डोळे भरून आले. पण मास्तर कितीही थापाडे असले तरी राखणदार होते. त्यांनी कचेरीत फोन केला.

दुसऱ्या दिवशी इंजिनीअरबाई आल्या. वयानं मास्तरांच्या लेकीएवढ्या, बुटांना चिखल. त्यांनी नळी पाहिली, भराव पायाखाली दाबून पाहिला आणि व्हरांड्यात बसून वही उघडली.

"गेल्या आठवड्यापर्यंतची प्रत्येक बाटली स्वच्छ आहे, काका. म्हणजे हा गढूळपणा अगदी नवा. एखादवेळी नळीच सरकली असेल. महिनाभर नजर ठेवू, वाढतंय असं दिसलं तर तळं रिकामं करू."

"म्हणजे सुट्ट्या संपल्यावर ना?" मेहुण्यानं विचारलं. होड्यांना नुकताच नवा रंग दिला होता.

"हो, घाई करण्यासारखं तर काही दिसत नाही."

मास्तर चहा टाकायला आत गेले. गाळणी कुठे ठेवलेली असते हेही त्यांना माहीत नव्हतं. शोधता शोधता खिळ्याला टांगलेलं एक फडकं हाती लागलं. चार पदरी, कडक झालेलं, मातकट. शेजारी वाटीत तुरटीचा खडा, झिजून साबणाच्या चिपेएवढा राहिलेला.

चहा उतू गेला तरी मास्तर तसेच उभे.

न गाळलेलं पाणी ती दारात आलेल्या परक्यालाही देत नसे. मग साहेबांना कसं देणार? तेही अनशापोटी?

खिडकीबाहेर तिची टवका उडालेली कुंडी होती. रोजचा गाळ ती कुठे ओतत होती, ते आता पाहताक्षणी कळलं. एकदा ती म्हणालीसुद्धा होती, "अहो, माती बघा कशी लोण्यासारखी. भरली की गुलाब लावू." मास्तर तेव्हा कुणाला तरी मासा सांगत होते. ती गेल्यावर त्यांनीच त्या भरलेल्या कुंडीत गुलाबाची काडी खोचली होती. तिला दोन पानं फुटली होती.

गप्प बसलं तर काय होणार होतं? कचेरीच्या वहीत तिच्या बाटल्या स्वच्छच राहणार होत्या, तिच्या हातच्या चिठ्ठ्याही. बाई महिन्यानं येणार होत्या. पण बांध महिनाभर थांबेल, असं कुणी कुठे लिहून दिलं होतं? खिडकीतून खालची पासष्ट घरं दिसत होती. एका छपरावर कुणीतरी गाद्या उन्हात घालत होतं.

मास्तरांनी कुंडी पोटाशी धरली आणि गुडघ्यांना शिव्या देत बाहेर आणली.

"बाई, हे कालपरवाचं नाही. दीड वर्षाचं आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. मेहुणा ताडकन उठला. "दाजी, पुरे झाल्या थापा! गेलेल्या माणसाला तरी सोडा. माझ्या ताईनं खोट्या बाटल्या भरल्या म्हणताय?"

"बाटल्या खोट्या नव्हत्या रे. खोटं मी भरलं, तिच्या कानात."

बाईंनी काडी उपटून मास्तरांच्या हातात दिली. मग स्वयंपाकघरातली सुरी मागवून, केक कापावा तशी कुंडीतली माती उभी कापली. आत थरावर थर होते. तळाचे कागदासारखे, मधले पुठ्ठ्यासारखे. वरचे इतके जाड की बाईंनी बोट लावून मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, आमच्या कचेरीत इतकी नेमकी नोंद कुणी ठेवलेली नाही," त्या हळूच म्हणाल्या आणि फोन घेऊन अंगणात गेल्या.

त्याच दुपारी तळाचा दरवाजा उघडला. पाणी उतरायला अकरा दिवस लागले. बांध उकरला तेव्हा आत माणूस रांगत जाईल एवढं बीळ निघालं. सुट्ट्या संपेपर्यंत टिकला नसता, बाई म्हणाल्या. पण न फुटलेल्या बांधाचं कुणाला काय? खालची माणसं तळं गेलं म्हणून हळहळली. "का हो रिकामं केलं?" म्हणून कुणी विचारलं की मास्तर फडकं, तुरटी, कुंडी, सगळं जसंच्या तसं सांगत. लोक मांडीवर थाप मारून हसत. "मास्तर, माशापेक्षा ही भारी!"

मेहुण्यानं बोलणं टाकलं होतं. शेवटच्या दिवशी तो चिखलात कलंडलेल्या होड्यांपाशी उभा राहिला, भेगाळू लागलेल्या तळाकडे बघत. "मासा कुठाय, दाजी?" एवढंच म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

कुंडी पुरावा म्हणून कचेरीत गेली. मास्तरांकडे काडी उरली. एक पान गळालं होतं. नळी तर कोरडी पडली होती, म्हणून त्यांनी घरातल्या माठातलं पाणी एका बाटलीत ओतलं, काडी त्यात ठेवली आणि सवयीनं चिठ्ठी डकवून तारीख घातली. पुढे 'नितळ' लिहायचं की 'गढूळ', हे बघायला बाटली उजेडात धरली. किती तरी वेळ धरली. पण त्यांच्याच डोळ्यांतलं पाणी मध्ये येत होतं, आणि बाटलीतलं कसं आहे ते काही केल्या कळेना.