ई-क्लासातला तणमोर

तीन वर्सं धर्मपालनं केयूरच्या फोनची वाट पाह्यली. केयूर म्हंजे अकोल्याच्या चॅनेलवरचा पोरगा, दर रयवारी आपल्या इकडचे रानातले जीव दाखोते. अन् धर्मपाल म्हंजे सारा जनम वनमजुरीत गेलेला मानूस. रिटायर झाला, तरी सकाळी रानात फेरी मारल्याबिगर चहा गोड लागत नाही त्याले.

पातूरकडच्या त्या गावाच्या ई-क्लासात, म्हंजे सरकारी चराईच्या रानात, पावसाळ्यात तणमोर येते. कोंबडीएवढं पाखरू. नर काळाभोर. मादीले दिसावं म्हून गवतातून मानसाच्या डोक्याइतका वर उडते, अन् धपकन खाली. दिवसभर तेच. दमत नाही लेकाचा.

धर्मपाल मात्र दमला होता. या रानावर सोलरच्या पाट्या टाकू नका, इथं तणमोर हाय, असे चार अर्ज देऊन झाले त्याचे. साहेब इचारे, "कोणी पाह्यला?"

"म्या."

"तुमच्याशिवाय?"

म्हून टीव्ही पाह्यजे होता. एक उडी टीव्हीवर दिसली का साहेब गप.

शेवटी केयूरनं बेस्तरवार धरला. धर्मपालनं खुशीखुशीत सरपंचाले सांगून टाकलं, अन् बुधवारीच अकोल्याले गेला. रात्री पोरीकडे, प्रियदर्शनीकडे झोपला, सकाळी केयूरच्या गाडीत बसून रस्ता दाखवत आला.

नाल्यावरून गाडी वळली तं ट्रॅक्टरचा आवाज. सारा ई-क्लास दाढी केल्यावानी सपाट. नाल्याच्या काठाले एक पट्टा तेवढा उभा, अन् श्रावण ट्रॅक्टरले मशीन लावून त्याच्याकडेच निघालेला. धर्मपाल चालत्या गाडीतून उतरला अन् हात पसरून ट्रॅक्टरच्या पुढं उभा राह्यला.

"बंद कर बे!"

"काहून काका? थोडकंच तं राह्यलं," श्रावण म्हणे.

तेवढ्यात सरपंच आला. गोवर्धनभाऊ, इस्त्रीचा शर्ट, हातात गुच्छा. "जय भीम धर्मपालभाऊ! पाहा, कसं झकपक केलं. कालपासून मशीन चालू हाय. टीव्हीवाले पाहुणे येऊन राहिले, अन् गाव काय असं रानटी दाखवाचं?"

"गोवर्धनभाऊ, ते गवतातच राह्यते ना गा!"

"मंग आता मोकळ्यात चांगलं दिसन."

धर्मपालले राग बी आला नाही. सांगतलं तं आपनच होतं. घरी पाहुणा येनार म्हनल्यावर मानूस आंगन झाडतेच. तो बांधावर बसला.

केयूरनं चारीकडे पाह्यलं. "काका, एक काम करू. चौघं-पाचजण त्या पट्ट्यात शिरू, हाकारा करू. असला तर उडेल. दोन सेकंदं पुरतात मला. तुमचा अर्ज पक्का होऊन जाईल."

गोष्ट खरी होती. धर्मपालनं पट्ट्याकडे पाह्यलं. सारं रान कापल्यावर ते पाखरू जाईन कुठं? तिथंच असन. अन् तीन वर्सं दोनच सेकंदं तं मागत होता तो.

"मादी अंड्यावर बसली असन तं?" तो म्हणे.

"असेलच असं नाही ना."

"नसनच असं बी नाही. हाकलली का फिरून येत नाही ते. मंग तुह्या टीव्हीत तणमोर राहीन, रानात नाही."

"मग मी दाखवू काय, काका? कापलेलं गवत? कोण पाहील?"

"लाव तं खरी तुही मशीन."

केयूरनं नाइलाजानं क्यामेरा लावला. धर्मपालनं टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"हे तणमोराचं रान होय. परवापर्यंत रोज सकाळी म्या उडी पाह्यली. मंग टीव्हीवाले येनार म्हून आमी ते साफ केलं. गावाची गलती नाही, म्या नीट सांगतलं नाही. गवत महिनाभरात येईन. त्याच्यात सोलरचं लोखंड रोवू नका. बस."

"उडीबद्दल थोडं सांगा ना, काका," केयूर म्हणे.

"दमलो बाप्पा. तूच सांग."

गाडी गेली. रयवारी हे दाखवतात का कापून टाकतात, काही भरवसा नव्हता. सरपंच गुच्छा घेऊन तसाच उभा.

"धर्मपालभाऊ, म्या चांगल्यासाठीच केलं गा."

"मालूम हाय मले. आता एक करा. पंधरा दिवस या पट्ट्यात कोनाची बकरी येऊ देऊ नका."

"मानूस ठेवतो."

"मानूस कायले? मी बसतो ना."

तो उठला, पट्ट्यापासून लांब, बाभळीखाली जाऊन बसला, अन् श्रावणले वरडून सांगतलं, "ट्रॅक्टर घरी ने बे. हळू ने."